बोल्ट सोडल्यावरचा वाक

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पुढे संशोधनासाठी दूरच्या शहरात गेलो, तेव्हा मी तिकडे काय करतो हे मूल या आमच्या गावी घरच्यांना कधी नीट सांगता आलं नाही. हळूहळू त्यांनीही विचारणं सोडलं.

काम साधं होतं. धातूची भुकटी लेझरने थरावर थर वितळवून भाग घडवायचा. गार होताना धातू आकसतो, आणि खालची जाड पाटी दोन्ही टोकांना उचलते. किती उचलेल ते आधी संगणकावर काढायचं, मग मोजून पाहायचं. माझा आकडा दर वेळी कमी भरायचा. दिवाळीनंतरही जुळलं नाही तर विषय बदलू, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं होतं. म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आलो, तेव्हा घरचे सगळे धान कापायला जात. दिवसभर रिकाम्या घरात बसवेना, म्हणून राईस मिलच्या रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. दुकानवाले चाचा लोखंडी दार करत होते.

"काऊन रे बाबू, एवढा शिकला अन् तोंड लटकवून बसला?"

मी सगळं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकणारे ते पहिलेच.

"पाटी बोल्टानं कसली होती?"

"हो, चारी कोपऱ्यांना."

"मोजली कवा?"

"बोल्ट काढून."

"अन् तुह्या कम्प्युटरनं काढले का नाई?"

काढलेच नव्हते. पाटी गार झाली की माझं गणित थांबायचं, बोल्ट कसलेलेच. चाचांनी दाराचे क्लॅम्प सोडून चौकटीवर दोरी ताणली. क्लॅम्प सुटताच चौकट वाकली होती; मधे दोरीखाली दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट पडली होती.

"पाह्य. हे तर माह्या दुकानातलं नवं पोरगंही सांगते," ते हसले.

परत गेल्यावर गणितात बोल्ट सोडायची पायरी घातली. आकडा मोजमापाच्या अगदी जवळ आला. सरांनी मान डोलावली, विषय राहिला. मी थेट एसटीडी बूथ गाठला. घरी फोन नव्हता, चाचांच्या दुकानात होता.

"चाचा, पाटीचं गणित जुळलं!"

"शाब्बास बेटा! थांब, गिऱ्हाईक आलं, मंग बोलू." मागे ग्राइंडर सुरू झाला आणि फोन बंद.

किती जवळ आला, कोणत्या टोकाला थोडा चुकला, सारं सांगायचं राहिलं होतं. बूथवाल्याने विचारलं, "आणखी कुठे लावायचा?" रिसीव्हर हातात धरून, हे ऐकून घेईल अशा आणखी कुणाचा तरी नंबर मी कितीतरी वेळ आठवत उभा राहिलो.