टेलरच्या बाकावरचे एकतीस ठिपके

क्षयरोग्यांना घरी जाऊन गोळ्या द्यायच्या आणि नवीन कोण खोकतंय याचा माग ठेवायचा, हे भिंगरीताईंचं काम. एकवीस वर्षं त्या गल्लोगल्ली अशा फिरत होत्या की हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. नवरा म्हणे, हिच्याशी दोन शब्द बोलायचे तर बरोबर चालावं लागतं.

बसत त्या एकाच ठिकाणी, टेलरकाकांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर. कागद घेऊन रोग्याच्या दारात उभं राहिलं की शेजारच्या खिडक्या उघडतात, कुणाचं काम सुटतं, कुणाचं ठरलेलं लग्न मोडतं. म्हणून गोळ्या हातोहात द्यायच्या आणि नोंदी मागाहून बाकावर बसून करायच्या, हा ताईंचा शिरस्ता.

मग दवाखान्याने त्यांना टॅब दिला. प्रत्येक रोग्याचा नकाशावर एक लाल ठिपका, आणि ठिपके दाट दिसतील तिथे एक्स-रेची गाडी एक दिवस येणार. पुढची पाळी थेट वर्षाने. सूनबाईने बटणं शिकवली. ताईंनी एकतीस नावं नेमाने भरली, अर्थात बाकावर बसून. बटण दाबताना आपण जिथे असू तीच जागा हे यंत्र धरतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सोमवारी दवाखान्यात नकाशा उघडला. सगळी वस्ती स्वच्छ, आणि टेलरच्या दुकानावर टरबुजाएवढा लाल गोळा. मास्क लावून दवाखान्याची दोन माणसं दुकानात शिरली, काकांची तपासणी झाली. काका ठणठणीत निघाले, पण गिऱ्हाइकं अर्धे शिवलेले कपडे उचलून पळाली ती पळालीच.

ताईंनी स्वतःच दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंपुढे चूक कबूल केली. गाडी शुक्रवारी येणार होती. चुकीच्या जागी उभी राहिली असती तर पुढचं वर्षभर रोग गुपचूप पसरत राहिला असता. तीन दिवसांत एकतीस दारं पुन्हा गाठायची, आणि तीही शेजाऱ्यांना सुगावा न लागू देता.

काका आधी भरपूर बरसले. इतकी वर्षं बसायला जागा दिली त्याचे चांगले पांग फेडलेत, म्हणाले. पण ताईंची अडचण ऐकली आणि त्यांनीच उरल्यासुरल्या कपड्यांचं गाठोडं बांधून ताईंच्या खांद्यावर दिलं. घरपोच शिलाई. ताई दारात उभ्या राहून खड्या आवाजात विचारत, कपडे आले का बरोबर मापाचे, आणि गाठोड्याआड बटण दाबत. एका आजीबाईंनी तर खरंच माप द्यायला हात पसरले. ताईंनी तेही लिहून घेतलं, आणि काकांना तीन दिवसांत पहिलं काम मिळालं.

गुरुवारी संध्याकाळी नकाशा खरं बोलू लागला. अकरा ठिपके एकाच गल्लीत. डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या, गाडी तिथेच लावू. ताईंनी नकारार्थी मान हलवली.

"दिवसा त्या गल्लीत कुणी नसतं, बाई. या अकराही घरांतल्या बायका कागदी पिशव्या चिकटवायच्या गोदामात बसतात. कागदाचे कपटे उडू नयेत म्हणून तिथली खिडकी कायम बंद. नकाशा कुठे झोपतात ते सांगतो, कुठे श्वास घेतात ते मी सांगते."

गाडी गोदामाच्या फाटकात उभी राहिली. त्रेचाळीस जणींचे एक्स-रे झाले, थुंकी तपासली गेली. पाच नवीन सापडल्या, पाचहीजणींचा रोग अगदी सुरुवातीचा. ताईंना इतका आनंद झाला की रोग सापडल्यावर हसू येतंय, याचीच त्यांना लाज वाटली. मग त्यांनी यादीतलं पाचवं नाव वाचलं. ती त्याच गोदामात बसणारी टेलरकाकांची धाकटी लेक होती.

ती बातमी त्या खांद्यावरच्या गाठोड्यासकट चालत घेऊन गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू चालल्या. काकांनी ऐकलं. मशीनवरचा पाय थांबला.

"वेळेवर सापडली का?"

"अगदी वेळेवर. सहा महिने गोळ्या चुकवल्या नाहीत तर खडखडीत बरी होईल."

लेकच आतून बाहेर आली, म्हणाली, "मग ठिपका टाकायला घरी चला, ताई. आणि गाठोडं ठेवा इथेच. शेजाऱ्यांना मी सांगते."

तिने खरोखर सांगितलं, दारात उभं राहून, सगळ्या उघड्या खिडक्यांना. त्या आठवड्यात दोन खिडक्यांमधून ताईंना हाका आल्या: आमच्याकडेही एकजण खोकतोय, जरा वर येता का?