देरानीला शेंदूर

दारात उभी राहून ती आधी पदर झटकायची. इकडून एकदा, तिकडून एकदा. मग हाताचे तळवे फुंकायची आणि मगच इंजिनाच्या खोलीत पाय टाकायची. तिच्यामागून कोणी आत शिरू लागलं की हात आडवा. "पहिले झटक!"

सरपंच असो की पोलीस पाटील, ज्याच्या अंगावर पीठ नाहीतर रस्त्याची धूळ, त्याने बाहेर झटकूनच यायचं. एका सरपंचाला तिने टोपीसुद्धा झटकायला लावली होती. मी तिथेच होतो, म्हणून सांगतो.

तुमच्याही गावात गिरणीवाली असेल. आमच्यासारखी नसेल. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल म्हातारा फुगवून सांगतो.

आमचं गाव शहादा-प्रकाशा रस्त्याला लागून. त्या काळी लाईट तिच्या मनात आलं तर यायची, म्हणून गिरणी डिझेल इंजिनावर. टाकली तिच्या नवऱ्याने, पण पिठाने त्याला दम लागायचा. तो बाहेर खाटेवर बसून वजन बघायचा आणि आत इंजिन हिच्या हाती. हँडल मारून इंजिन चालू करणं बाईचं काम नाही, असं गाव म्हणालं. ती म्हणाली, "मंग तुम्ही मारा, मी दखस." दखस म्हणजे बघते. ज्यांनी मारून पाहिलं ते नंतर काही बोलले नाहीत.

दादर ज्वारी असो की कळण्याचं ज्वारी-उडीद, पाटीत खडा दिसला की पाटी परत. बायका चिडायच्या, पण दुसरीकडे जायच्या नाहीत. पिठाची खोली वेगळी, इंजिनाची वेगळी, मध्ये गोणपाटाचा पडदा. पीठ डिझेलमध्ये गेलं की इंजिन मेलं, हे तिने पक्कं धरलं होतं. आणि अंगात मोठेपणा काय कमी होता! "शहादापाइन अक्कलकुवालगून असं इंजिन दखाड माले!" असं ती कोणालाही म्हणायची. अक्कलकुव्याला ती उभ्या जन्मात गेली नव्हती.

तिचा नवरा नात्याने माझा थोरला भाऊ लागायचा, म्हणून ती माझी वयनी, आणि मी तिचा भाऊ. माझ्याकडे ट्रक. शेतातली ओली लाल मिरची भरून नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळायला नेऊन टाकायची, हे माझं वर्षानुवर्षांचं काम. तिचं इंजिनसुद्धा धुळ्याहून माझ्याच ट्रकमधून आलं. त्या दिवसापासून तिने ट्रकला नाव पाडलं, देरानी. म्हणजे धाकटी जाऊ.

"भाऊनी पहिली बायको ही," ती माझ्या बायकोसमोरच म्हणायची. "घरमानी दुसरी."

माझी बायको यावर कधी भांडली नाही. काय भांडणार, खरंच होतं.

दसऱ्याला देरानीची पूजा वयनीच करणार, हा मान तिने स्वतःच घेतलेला. लोक गाडीला हळदकुंकू लावतात. ही वाटीत शेंदूर घेऊन यायची.

"कुंकू वारावर उडी जास, भाऊ. शेंदूर तेलमा कालवा का मंग बठी ऱ्हास."

आणि खरोखर, होळीपर्यंत माझ्या गाडीचं कपाळ लाल असायचं. नंदुरबारला बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, मारुती आला.

पुढे लाईट नीट झाली, घरोघरी घरघंट्या आल्या. तिचा नवरा गेला, गिरणी बंद पडली. तरी ती रोज सकाळी दारात पदर झटकून आत जायची, इंजिन पुसायची, हँडलला एक वेढा द्यायची आणि कुलूप लावून घरी यायची. मी विचारलं, कशाला? तर म्हणे, "तू नही का रोज देरानीपान जाईसन उभा ऱ्हास?"

तीन वर्षांमागे गणपतीत माझा मुलगा आला. नाशिकला नोकरीला असतो आणि आता माझ्याशीसुद्धा नाशिकची मराठी बोलतो. अंगणात उभा राहून म्हणाला, "आबा, ही गाडी भंगारात देऊन टाका. उद्या खालून साप निघेल." मी म्हटलं, निघाला तर तो पण भाडं भरेल. तो हसला नाही.

हे वयनीने समोरच्या ओट्यावरून ऐकलं. दसऱ्याला आली ती वाटी नाही, तांब्या भरून शेंदूर घेऊन. बोनेट, चाकं, दरवाजे, डिझेलची टाकी, टाकीचं झाकण, काही म्हणून सोडलं नाही. "पोऱ्यानी नजर लागी," एवढंच म्हणाली. बोटांनी थापत होती, भिंत लिंपावी तसं.

त्यानंतर पंधरवडा गेला असेल नसेल, गाडी नखरे करायला लागली. चालू व्हायची, थोडी चालायची, बंद. पाहिलं तर फीड पंप गळत होता. फीड पंप म्हणजे टाकीतलं डिझेल ओढून पुढे इंजिनाला देणारा छोटा पंप. त्याच्या बुडाशी डिझेलचं थारोळं.

दिवाळीला मुलगा आला तेव्हा गाडी अंगणात मुकी उभी. त्याने भंगारवाल्याला फोनच लावला. भाऊबीज झाली की येतो म्हणाला तो.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पंप मी बदलतो. प्रकाशाचा पूल ओलांडून गाडी स्वतःच्या पायाने दारात परत आली, तर भंगारवाल्याने रिकाम्या हाताने जायचं."

"आणि नाही आली तर?"

"तर चावी तूच दे त्याला."

बोललो ते बोललो. माझ्या जिभेला रिव्हर्स नाही.

शहाद्याच्या मेकॅनिकला फोन केला, तर तो म्हणे गाडी इकडे घेऊन या. अरे, आणता आली असती तर तुला कशाला विचारलं असतं? पंप विकत आणला आणि पाने काढले. अंगणातच बसवायचा. एवढ्यात वयनी आली. आली आणि अंगणाच्या कडेलाच थांबली.

"पहिले झटक."

"झटकं ना वयनी. हाई दख."

"तुले नही. आंगनले."

तिचं म्हणणं, धूळ उडत असताना पंप उघडायचा नाही. सगळं अंगण शिंपडा, शेणाने सारवा, ट्रकच्या खालीसुद्धा, आणि मग पान्याला हात लावा. इकडे भंगारवाला दुसऱ्या दिवशी येणार. मी वैतागलो.

"वयनी, पंप बसाडना शे, तुळशीनं लगीन नही लावनं!"

"लगीनमा धूळ चालस, भाऊ. पंपमा नही."

मुलगा मोबाईल घेऊन खांबाला टेकला होता. त्याच्या हातात तिने बादली दिली. "ये नाशिकवाला, पानी शिपड." आणि काय सांगू, त्याने शिंपडलं. माझ्या बायकोने सारवलं. अंगण ओलं, गार, एक कण उडेना. नाव ठेवायला गेलो होतो, पण असं स्वच्छ काम मी मोठ्या गॅरेजातही पाहिलं नाही.

मग जुना पंप काढला. उघड्या पाइपांच्या तोंडात धुतलेल्या चिंध्या कोंबल्या. डिझेल तिने आपल्या जुन्या लुगड्याच्या घडीतून गाळलं, स्वतःच्या हाताने टाकीत ओतलं आणि झाकण कचकचून लावलं. नवा पंप मी बसवला. पाइपाचा नट आवळताना मात्र आमचं जुंपलं.

"आजून आवळ."

"जास्ती आवळं ते वायसर फाटी."

"मन्हा इंजिनले मी असंच आवळस."

"तुन्हं इंजिन खुट्याले बांधेल शे. हाई रस्तावर पळस."

यावर ती गप्प बसली. तिला गप्प बसवणारा गावात मी एकटा, आणि तेही तेवढं एकदाच.

शेवटी हवा काढायची. पंपाला वर हातपंपाची गुंडी असते. ती वयनी दाबत होती, मी पुढचा स्क्रू सैल करून बघत होतो. फेस आला, फेस आला, मग फेस संपला आणि डिझेलची सरळ धार. स्क्रू बंद. सेल्फ मारला. देरानीने काळा धूर सोडला, अंग हलवलं आणि बोलायला लागली. मुलाच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. नंतर पाहू म्हटलं, पुलावरून आल्यावर.

वयनी केबिनमध्ये मांडी घालून बसली, पदर खोचून. दोन्ही बाजूला ऊस आणि पपई, माणूस एक नाही, तरी ही खिडकीतून हात हलवतेय. मागून मुलगा मोटरसायकलवर.

प्रकाशा जवळ आलं. देवळाचं शिखर दिसायला लागलं, आणि गाडीने आचके दिले. एक, दोन, खलास. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी राहिली.

मुलगा येऊन थांबला. खिशातून त्याने मोबाईल काढला.

"थांब," मी म्हटलं.

"आबा, शब्द तुमचाच होता."

मी खाली उतरलो, हातपंपाची गुंडी धरली. ती वर येईना. आतून कोणी धरून ठेवल्यासारखी. नवा पंप, माझ्या हाताने बसवलेला! खरं सांगतो, मिशीवर हात फिरवायची माझी सवय, त्या वेळी हात वर गेला नाही.

वयनी वरूनच ओरडली, "टाकीमा डिझल शे का दख!"

डिझेल भरपूर होतं, तिनेच तर ओतलं होतं. पण चिडून मी झाकण फिरवलं. आणि झाकण सैल झालं तसं टाकीने श्वास घेतला. फुस्स! मोठा, लांब, पाण्याबाहेर डोकं काढल्यावर माणूस घेतो तसा.

टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. डिझेल जेवढं बाहेर जाईल तेवढी हवा त्यातून आत यायला पाहिजे, नाहीतर पंप कितीही ओढो, टाकी देत नाही. मी झाकण हातात घेऊन भोक शोधू लागलो. सगळं लालभडक. भोक सापडेना. दसऱ्याचा शेंदूर तेलात कालवून थापलेला, वाळून दगड झालेला.

वयनी उतरून जवळ आली. झाकणाकडे बघत राहिली. असा मोका परत कधी मिळणार? मी म्हटलं,

"वयनी, पहिले झटक!"

तुम्हाला वाटेल ती ओशाळली. नाव नको. झाकणावर नख मारून बघितलं आणि मला म्हणते, "पण पक्का शे का नही मन्हा शेंदूर?"

मग मात्र तिला हसू फुटलं. हसता हसता ती पायरीवर बसली. मुलगाही हसला, मोबाईल हातातच राहिला. बाभळीचा काटा तोडून तिने भोक मोकळं केलं, झाकण तोंडाला लावून जोरात फुंकलं. ओठ लाल झाले, नाक लाल झालं. तशाच तोंडाने ती वर चढली, मी परत हवा काढली, सेल्फ मारला. प्रकाशा ओलांडून आम्ही पुलावर गेलो, खाली तापी भरलेली. आता मुलगा पुढे होता आणि पूलभर हॉर्न वाजवत होता. तसा हॉर्न मी त्याच्या वरातीतही ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. मुलाने त्याला चहा पाजला आणि म्हणाला, "गाडी चालू आहे हो. आबांची आहे." मी घरात बसून ऐकलं. पंप गळत होताच, तो बदलायलाच पाहिजे होता, हे माझं अजून म्हणणं आहे.

वयनीने पुढे सगळ्या गावाला सांगितलं, देरानीचा पंप म्हणे तिनेच बदलला. शेंदराचं एक अक्षर नाही. मीही काढलं नाही, मुलानेही नाही. तिची मिजास होती, तिला ती शोभायची. तुम्हाला सांगतो, कारण तुम्हीही पाहिली असती तर तुम्हीही तिचं नाव राखलं असतं.

त्यापुढच्या चैत्रात ती गेली. बसल्या जागी, सकाळी, इंजिन पुसून आल्यावर. प्रकाशाला तापीकाठी अग्नी द्यायला न्यायचं, ट्रॅक्टर तयार होता. तिची मुलगी म्हणाली, "काका, माय देरानीवरच जाई." मी आधी अंगण शिंपडलं. ट्रकचा फाळका उघडून हौदा झाडला. केबिनच्या दारात उभं राहून माझा गमछा झटकला, इकडून एकदा, तिकडून एकदा. गावातली माणसं खाली ओळीने उभी होती. कोणी काही सांगितलं नव्हतं, पण वर चढायच्या आधी ज्याने त्याने आपले कपडे झटकले. त्या बाभळीपाशी गाडीने आचका दिला नाही. सरळ गेली.

आता दसऱ्याची पूजा माझ्याकडे आली. मुलगा म्हणतो, "आबा, झाकण तेवढं सोडा." मी झाकणालाच आधी लावतो. भोकात बाभळीचा काटा उभा करायचा, तेलात कालवलेला शेंदूर बोटांनी चांगला जाड थापायचा, आणि मग काटा हळूच ओढून घ्यायचा. पातळ मी लावत नाही.