मेलेला बार

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी माझी फिर्याद काढून टाकली. मुकादमावर खटला चालवण्याजोगं काही नाही म्हणाले. मी कोर्टाबाहेर आलो, तर बोलायला कोणी नव्हतं.

मी भोसरीच्या खाणीत सुरुंगवाला होतो. पिंपरीला कारखाने उभे राहत होते, त्यांना आमचा दगड जायचा. दगडात भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवून लांब पळायचं. त्याला आम्ही बार म्हणतो. वात जळूनही उडाला नाही, तर बार मेला. एका संध्याकाळी असाच एक राहिला. मी चारचौघांत मुकादमाला सांगितलं, हा मेलाय. सकाळी मी पोचायच्या आत त्यानं हुसेनला तेच भोक पहारीनं मोकळं करायला लावलं. हुसेन आणि मी रोज एकत्र भाकरी सोडायचो. बार उडाला, हुसेन जागीच गेला.

पोलिसांनी अपघात म्हणून कागद मिटवला, म्हणून मी स्वतः फिर्यादी झालो. साहेबांनी माझा जबाब घेतला आणि त्यावरच लिहिलं, बार मेलेला होता असं फिर्यादीच सांगतो, मग धोका आहे हे मुकादमाला कसं कळावं?

मी शाळेत दोन यत्ता बसलेला माणूस. पण हे काही मी गिळणार नव्हतो. पुण्यात वकील गाठला. त्यांनी समजावलं की वर सेशन्स कोर्ट असतं, तिथं रिव्हिजन मागायची. ते कोर्ट मुकादमाला दोषी ठरवणार नाही. खालच्या साहेबांनी नीट बघून फिर्याद काढली का, एवढंच तपासेल. कागद वाचता वाचता ते थांबले.

"अहो, मेला म्हणजे विझलाच ना?"

"न्हाई. मेला म्हंजी आत जित्ता हाय. त्याच्या वाऱ्याला उभं ऱ्हायचं न्हाई."

"मग कोर्टात का नाही सांगितलंत?"

"इचारलं कुनी?"

वकिलांनी कपाळाला हात लावला. सेशन्सला त्यांनी हेच मांडलं. जज्जसाहेबांनी हुकूम केला, पुन्हा चौकशी करा, खाणीतल्या माणसांना शब्दाचा अर्थ विचारा. खालच्या कोर्टात ती चौकशी झाली आणि मुकादमाला समन्स निघालं. तो पिंजऱ्यात उभा राहिलेला मी डोळ्यांनी बघितला.

तोवर खाणीत माझ्याजवळ कोणी बसेनासं झालं होतं. मी आलो की बोलणं थांबायचं. खटल्यात मात्र सगळे आले. मेला म्हणजे काय, हे प्रत्येकानं चोख सांगितलं. पुढचा प्रश्न होता, मुकादमाला हे सांगितलेलं तुम्ही ऐकलं का? एकेक जण खाली बघून नाही म्हणत गेला. त्या संध्याकाळी ते सगळे माझ्या हाताच्या अंतरावर होते.

मुकादम सुटला. बाहेर त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, "भावा, आमाला उद्या त्याच्याच हाताखाली जायचंय."

मी खाण सोडली. माण भागात विहिरी खणायचे बार घेऊ लागलो, एकट्यानं. लोक अजून विचारतात, रिव्हिजनचा उपयोग होतो का? होतो. शब्दाचा अर्थ वरच्या कोर्टात सरळ होऊन मिळतो. साक्षीदार मात्र घरून न्यावा लागतो.