एक श्वास मागे राहणारी आत्या

आत्याच्या शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी खराडीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. "दीपक, लवकर निघा," असं म्हणून त्या थांबल्या. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी दार लावलं... मग त्या म्हणाल्या, "नाही, आता सावकाश या." त्या 'सावकाश'मध्ये सगळं कळलं. नोव्हेंबर संपत आला होता. करुणाआत्या नाना पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत, स्वतःच्या पलंगावर, दुपारच्या चहानंतर गेली होती. तिला जिथे जायचं होतं तिथेच, तिला हवं तसंच ती गेली, हे मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलो आहे. कारण ती ऑपरेशनच्या टेबलावर न जाता तिथे होती, याला कारण मी आहे. मी तिला विचारलं होतं.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आयुष्यभर एका शाळेत तिने जीवशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. माझे आईवडील लवकर गेल्यावर ती माझ्यासाठी दोघांच्या जागी होती. तिच्या विद्यार्थ्यांना आजही ती आठवते ती प्रजननाच्या धड्यासाठी. बाकीचे शिक्षक तो धडा 'घरी वाचून घ्या' म्हणून उरकायचे. आत्या फळ्यावर स्वच्छ आकृती काढायची, खडू खाली ठेवायची आणि म्हणायची, "कुणाला हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. तुमच्या आयांना नऊ महिने हसू आलेलं नाही, पण तुम्हाला परवानगी आहे." मग वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. हीच बाई दर रविवारी सकाळी पांढऱ्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन चर्चमध्ये उभी राहायची आणि कुमारीच्या पोटी जन्मलेल्या ख्रिस्तावर आपला विश्वास आहे, असं मोठ्याने म्हणायची.

वाचकांपैकी अनेकांना आमची उपासना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडे सगळी मंडळी उभी राहून विश्वासाची एक जुनी कबुली एका सुरात म्हणतात. तिला मतांगीकार म्हणतात. देव निर्माता आहे, येशू त्याचा पुत्र आहे, तो पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने कुमारी मरीयेपासून जन्मला... अशी ती पुढे जाते. आणि दर रविवारी, मरीयेचं नाव येण्याच्या नेमकं आधी, आत्या थांबायची. सगळी मंडळी पुढे निघून जायची आणि मग तिचा एकटीचा आवाज मागून यायचा, एक श्वास उशिराने. तिथून शेवटपर्यंत ती तशीच मागे राहायची. लहानपणी मला याची भयंकर लाज वाटायची. पुढच्या बाकावरची मुलं वळून बघायची. एकदा घरी येताना मी विचारलं, तर म्हणाली, "दम लागतो मला." दोन जिने न थांबता चढणारी बाई!

कॉलेजात गेल्यावर मी त्या ओळीला गप्प राहू लागलो. आधीची ओळ म्हणायचो, नंतरची म्हणायचो, मधे तोंड बंद. आपण प्रामाणिक आहोत असं वाटायचं, आणि शेजारी उभ्या आत्याला आपण फसवतोय असंही वाटायचं. शेवटी एका संध्याकाळी ती मेथी निवडत असताना मी विषय काढला. "आत्या, शाळेत तू जे शिकवतेस आणि चर्चमध्ये जे म्हणतेस, दोन्ही खरं कसं असेल?"

"तू कुठे म्हणतोस? दोन वर्षं झाली, त्या ओळीला तुझं तोंड मिटलेलं असतं." तिने मान वर केली नाही. "काड्या इकडे टाक, पानात नको."

मी शरमलो. ती मात्र रागावलेली नव्हती. म्हणाली, "असं होत नाही, हे मला तुझ्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे. आणि मरीयेलाही ठाऊक होतं. खेड्यातली होती म्हणून खुळी नव्हती. तुला मूल होईल असं सांगायला आलेल्या देवदूताला तिने पहिला प्रश्न काय केला? हे होणार कसं? ज्याला नियम माहीत नाही त्याला कसलं आलंय नवल? मला नियम माहीत आहे, म्हणून माझ्या अंगावर काटा येतो."

"पण कशासाठी? देवाला सरळ मार्ग नव्हता?"

"सरळ मार्गाने आला असता तर कुणाच्या तरी घराण्याचा झाला असता. अमक्याचा मुलगा, तमक्याचा वंश. पुरुषाची मर्जी, पुरुषाचं नाव, पुरुषाचा पराक्रम... यातलं काहीही त्या जन्मात नाही. माणसाने कमावून, गाजवून देवाला खाली आणलं नाही रे. तो दिला गेला. आणि आला तो बाईच्या रक्तामांसातून, तुझ्यामाझ्यासारखा, नाळ कापून." हातातली मेथी तशीच राहिली होती. "पण मला खरं नवल याचंही नाही. ज्याने सूर्य-चंद्र कुणाला न विचारता टांगले, त्याने एका मुलीला विचारलं. तिच्या बापाला नाही, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला नाही. तिला."

मी म्हटलं, "आणि ती नाही म्हणाली असती तर?"

आत्याने हातातली मेथी परडीत ठेवली. मग हळूच म्हणाली, "तेच तर... तर तो थांबला असता."

त्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला आधी माहीत नव्हती. तरुणपणी तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं. आजोबांनी ते परस्पर परत पाठवलं, कारण धाकट्या भावांची शिक्षणं व्हायची होती आणि कमावणारी ती होती. तिला हे कळलं ते कितीतरी वर्षांनी, कुणाच्या तरी लग्नात, पंगतीत. "मला विचारलं असतं तर मीच कदाचित नको म्हटलं असतं," ती म्हणाली. "मला शाळा आवडत होती. पण विचारलं नाही रे कुणी." त्या धाकट्या भावांतले एक माझे वडील. मी आज जो काही आहे तो त्या न विचारण्यावर उभा आहे. हे कळल्यापासून तिच्यासमोर बसून जेवताना घास जड व्हायचा, आणि तिला ते कळलं की ती मुद्दाम आणखी एक पोळी वाढायची.

गेल्या पावसाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. नदीकाठी ढोलपथकांचे सराव चालू होते, आणि डॉक्टरांच्या खोलीच्या काचा त्या आवाजाने थरथरत होत्या. आतड्यात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर कदाचित दोनेक वर्षं मिळतील. वय बघता धोका आहे. नाही केलं तर काही महिने. आत्या शेजारच्या खोलीत होती. माझे विजयकाका, म्हणजे तिचे सर्वांत धाकटे भाऊ, लगेच म्हणाले, "तिला यातलं काही सांगायचं नाही. साधा अल्सर आहे म्हणू. दीपक, तू सही करून टाक."

"काका, तिला विचारायला नको?"

"तिला काय विचारायचंय? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला असं विचारतात? अरे, घाबरून मरेल ती. आपली माणसं कशासाठी असतात मग?"

काका वाईट नाहीत. ते रडत होते. आपल्याकडे असंच करतात. आजाऱ्यापासून आजार लपवणं यालाच आपण माया म्हणतो. मीही पेन हातात घेतलं होतं. सही करणं सोपं होतं. काही बरंवाईट झालं असतं तरी दोष डॉक्टरांवर, नशिबावर, सगळ्यांवर वाटून गेला असता. पण मला तिची ती मेथीची परडी आठवली... मी पेन ठेवलं आणि तिच्या खोलीत गेलो.

सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. मग म्हणालो, "आत्या, तू सांग. काय करायचं?"

ती खिडकीकडे बघत राहिली. बाहेर ढोल चालू होते. मी वाट बघत होतो. तिने हो म्हणावं म्हणून मी मनात गयावया करत होतो. ते तोंडावर दिसू नये म्हणून धडपडत होतो, कारण दिसलं असतं तर ती माझ्यासाठी हो म्हणाली असती. विचारणं म्हणजे काय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जो विचारतो तो आपला सगळा जोर खाली ठेवतो. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्यासमोर रिकाम्या हातांनी उभा राहतो. आणि एकदम मनात आलं, मरीयेच्या गावातल्या त्या खोलीत, ती बोलायच्या आधी, देव असाच उभा होता का? सगळी सृष्टी ज्याच्या हातात, तो एका पोरीच्या ओठांकडे बघत? माझ्या अंगावर काटा आला. आत्याच्या अंगावर यायचा तसाच असावा.

"नको," आत्या म्हणाली. "मला घरी ने." मग माझा हात धरून म्हणाली, "विचारलंस... बरं केलंस."

नंतरचे महिने ती नाना पेठेत राहिली. ऑक्टोबरात एकदा, तिला सूप भरवताना, मी जुना प्रश्न पुन्हा विचारला. "आत्या, खरं सांग. त्या ओळीला तू मागे का राहतेस?"

"दम लागतो म्हटलं ना."

"आत्या!"

ती हसली. "तिला एवढं मोठं विचारलंय रे. उत्तर द्यायला वेळ नको का द्यायला? सगळे आपले धावत पुढे जातात, जणू ती हो म्हणणार हे ठरलेलंच होतं."

काका दफनाच्या दिवसापासून माझ्याशी बोललेले नाहीत. "तू विचारलंस म्हणून ती गेली," एवढंच दफनभूमीच्या फाटकात म्हणाले. दोन वर्षं मिळाली असती का? दोन नाताळ? ऑफिसला जाताना सिग्नलला गाडी थांबली की हा हिशेब सुरू होतो आणि सिग्नल सुटला तरी सुटत नाही. मी चुकलो नाही, असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. एवढंच म्हणता येतं की तिच्या आयुष्यात एकदा तरी कुणी तिला विचारलं, आणि विचारणारा तिच्या उत्तरापुढे थांबला.

नाताळच्या सकाळी मी आणि माझी मुलगी नेहा चर्चला गेलो. खांबाजवळच्या बाकावर आत्याची कडेची जागा होती. तिथे कुणी बसलं नव्हतं; मंडळींनीच सोडली असावी. मतांगीकाराला सगळे उभे राहिले. ती ओळ जवळ आली. इतक्या वर्षांच्या सवयीने माझे ओठ मिटले. पण यावेळी ते मिटणं वेगळं होतं. आत कुणीतरी वाट बघत होतं. मंडळी मरीयेच्या नावावरून पुढे निघून गेली, आणि मागे राहिलेल्या त्या जागेत मी ते नाव उच्चारलं. माझा एकट्याचा आवाज मलाच ऐकू आला. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने वळून बघितलं.

नेहाने कोपराने ढोसलं. "बाबा, मागे पडलात."

"हो," मी म्हटलं. "कुणीतरी थांबायला हवं ना."