हिरव्या जाळीखालचं प्रवाळ

सणसरला माझ्या एका स्नेह्यांची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. बारामतीत आले की माझ्याकडं चहाला थांबतात. चहा बशीत ओतून निवेपर्यंत बघत बसतात. कुणी घाई केली की म्हणतात, "दमानं, राव."

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तीन वर्षं जपलेली प्रवाळं होती. हौसेनं मोठा एलईडी दिवा आणला आणि पहिल्याच दिवशी पूर्ण उजेडावर लावला. आठवड्यात सगळी पांढरी पडली.

समुद्र कधी न पाहिलेला हा माणूस टाकीपुढं उकिडवा बसला. "शेडनेटमधलं रोप एकदम उन्हात ठिवलं व्हय? पोळलंय. मेलं न्हाय अजून."

"उजेडाचे टक्के कमी करतो," मी म्हणालो.

"टक्के मला कळत न्हाईत. सावली कळती."

गाडीतून हिरव्या जाळीचे तुकडे आणून त्यांनी दिव्याखाली तीन पदर बांधले. "पंधरा दिसाला एक काढायचा. मधी हात लावायचा न्हाय."

शेवटचा पदर काढायला ते स्वतः आले. भर उजेडात प्रवाळं जांभळी, हिरवी, टरारून फुललेली. चहा तसाच ठेवून त्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला आणि गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "अगं बघ, आपली जाळी समुद्राला लागू पडली!"

"दमानं, राव," मी म्हणालो. पण ऐकतंय कोण!