सुरमई नावाचे पाहुणे

काकीचा हात कापतो. चहा ओतला तरी निम्मा बशीत, माऊस कुठला धरवणार! कीबोर्डवर मात्र एकेक बटण नेमकं ठोकते. देवबागच्या तिच्या होमस्टेची वेबसाइट मी केली आणि गावभर मिरवलेही. खोल्या, जेवण, होडी असे तीन टॅब. बाणाच्या बटणांनी टॅब बदलायचा, कीबोर्डवरचं टॅबचं बटण दाबत खालच्या रकान्यांत उतरायचं.

एक आगाऊपणा तेवढा केला होता. आपण ज्या रकान्यावर असतो त्याभोवती निळी चौकट दिसते, ती मला गबाळी वाटली. काढून टाकली.

पहिल्याच बुकिंगला पाहुण्यांचं नाव आलं, सुरमई. काकीनं अंदाजानं बटणं दाबली, मान खाली घालून टाइप केलं आणि जेवणातला मासा पाहुण्याच्या नावाच्या रकान्यात गेला. ते बुकिंग बघून मुंबईहून तिच्या मुलाचा फोन आला, "आईला झेपत नाही. रविवारी येतो आणि बुकिंग एजंटकडे देऊन टाकतो." काकीचं तोंड एवढंसं झालं. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलण्यातच तिचा जीव, तेच जाणार होतं.

मी वर शहाणपणा शिकवायला गेले. "काकी, जरा बघून टाइप कर मां!"

"काय बघू गो? मी खंय आसंय ताच दिसणा नाय! दारात चपला नाय, तर आत कोण आसा ता माका कसा कळतला?"

लाज वाटली मला, खरंच. त्याच दुपारी जाडजूड लाल चौकट बसवली. काकीनं स्क्रीनपुढे हात जोडून गाऱ्हाणंच घातलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या पुतणीक अशीच सुबुद्धी दी रे म्हाराजा!" गाऱ्हाण्याला सगळ्यांनी मिळून द्यायची साथ, "व्हय म्हाराजा", ती द्यायला घरात मीच एकटी.

रविवारी तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ, आला आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. "दाखव एक बुकिंग करून."

बाण, टॅब, टॅब. लाल चौकट पाहुण्याच्या नावावर थांबली. काकीनं त्याचंच नाव लिहिलं. चौकट पुढे सरकली.

"किती रात्री?" काकीनं रकाना वाचून त्याला विचारलं.

"आई, उद्या सकाळी निघायचंय मला."

काकीचं बोट कापत कापत बटणावर आलं आणि तिनं चार लिहिलं.

"आता खोडूक माका येणा नाय," म्हणाली.

खोडायला तिला उत्तम येतं. मी गप्प बसले. भाऊ गुरुवारी गेला, आणि एजंटचा विषय त्यानं काढलाच नाही.