सरांच्या वाटेवरचे आठ दिवे

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते अंबडच्या आमच्या विज्ञानाच्या सरांचे. तीर्थपुरीहून सातवी पास होऊन आलेल्या मजुराच्या मुलाला त्यांनी आपल्या घरी चार वर्षं ठेवून घेतलं. मॅट्रिकनंतर कॉलेजचा फॉर्मही त्यांनीच भरला. माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, तर सर पायाला पट्टी बांधून बसलेले. निवृत्तीनंतर ते रोज वाचनालयात जात आणि अंधार पडता पडता परतत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फाटकापासून दारापर्यंत शहाबादी फरशीची वाट, मध्ये तीन पायऱ्या. त्यातली एक चुकली होती.

पुण्याला नोकरी करणारे त्यांचे चिरंजीव, ज्यांना मी दादा म्हणत असे, पुढच्या रविवारी येणार होते. अंबडचं घर बंद करून आई-वडिलांना कायमचं घेऊन जायचं, असं दादांनी पत्रात लिहिलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं, मोतीबिंदू अजून पिकला नाही, ऑपरेशन थंडीत करू. तोवर सहा महिने निघायचे होते.

"पुण्यात मला कोण ओळखतं?" सर म्हणाले. "तिथं मी नुसता कुणाचा तरी बाप."

मी वाटेवर दिवे लावायचं ठरवलं. पण सरांच्या पत्नी, आमच्या काकू, त्याच वाटेच्या कडेला अबोलीला बादलीनं पाणी घालायच्या. ओल्या जमिनीत घरातला करंट नेणं धोक्याचं. म्हणून बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर करून घ्यायला जालन्याला गेलो. मोटारी वाइंड करणाऱ्या मिस्त्रींनी माझ्या हातातली वायर पाहिली.

"बीएस्सी झाले ना साहेब? मंग एवढी बारीक वायर कशाला घेऊन राह्यले? शेवटचा दिवा बिलकुल मिणमिणल."

पुस्तकात हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. जाड वायर घेतली. ट्रकच्या मागच्या दिव्याचे आठ छोटे बल्ब घेतले, गुडघ्याएवढ्या खुंट्यांवर बसवले आणि शुक्रवारी दिवेलागणीला बटण दाबलं.

"अगं बाई, लग्नघर वाटून राह्यलं," काकू म्हणाल्या.

सर फाटकाशी उभे राहिले ते पुढे येईनात.

"छान झालं रे. आठही बल्ब बराबर दिसून राह्यले. फरशी मात्र न्हाई."

मोतीबिंदूच्या डोळ्यांना प्रत्येक बल्ब म्हणजे एक पसरट झगझगीत गोळा होता, आणि त्या गोळ्यांपलीकडे सगळा काळोख. मी आणखी मोठे बल्ब आणायचं बोलू लागलो. काकूंनी मला थांबवलं.

"लाईट गेली की तू कंदील घेऊन अभ्यासाला बसायचास, तवा मी काचेला पोस्टकार्ड लावून द्यायचे. कशासाठी?"

"उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून."

"मंग हे सरांच्या डोळ्यांवर कशाला सोडलंस? कॉलेजात जाऊन इसरलास का?"

शनिवारी दिवसभर मी तेलाचे रिकामे डबे कापत बसलो. प्रत्येक बल्बावर अर्धा डबा उपडा बसवला, म्हणजे उजेड फक्त खाली पडावा. काकूंनी पायऱ्यांच्या कडांना चुना लावला. आता लांबून बल्ब दिसतच नव्हते. दिसत होती ती फरशी.

रविवारी सर मुद्दाम वाचनालयात गेले. परतले तेव्हा दादा दारात उभे होते.

"अण्णा, थांबा, मी हात देतो."

"तू तिथंच ऱ्हा."

पहिली पायरी चढले. दुसरी चढले. तिसरीच्या अलीकडे थांबले, खाली वाकले. काकूंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"सहावा डबा वाकडा लागलाय," सर म्हणाले. "एक मार्क कापला."

काकू हसत सुटल्या, दादाही हसले. पण जेवताना ते म्हणाले, "वाटेचं मान्य आहे, अण्णा. पण ऑपरेशनला कोण थांबणार? मला कारखान्यातून एवढी रजा न्हाई मिळत. थंडीपर्यंत हितं ऱ्हा, मंग पुण्यालाच करू."

म्हणजे प्रश्न फक्त पुढे गेला होता. माझीही नोकरी अजून ठरलेली नव्हती, कोणत्या तोंडानं बोलणार? पुढे आष्टीच्या शाळेत लागलो आणि पहिला महिना संपताच सरांना हे पत्र टाकलं:

"तीर्थरूप सर, तुम्हाला व काकूंना नमस्कार.

मला आठवीचा वर्ग मिळाला आहे. पोरं प्रश्न फार विचारतात, त्यामुळे रात्री वाचून जावं लागतं.

पत्राचं कारण वेगळं आहे. मुख्याध्यापकांशी बोललो. थंडीत मला पंधरा दिवसांची रजा मिळेल. ऑपरेशन जालन्यालाच करू. दवाखान्यात मी थांबेन, नंतर डोळ्यांत औषधही मीच घालेन. दादांना आजच्याच टपालानं तसं कळवलं आहे. घर बंद करायची गरज राहिलेली नाही.

तुम्ही नको म्हणाल हे मला ठाऊक होतं. म्हणून आधी रजा मागितली आणि मग हे पत्र लिहायला बसलो.

तुमचा विद्यार्थी."